हात मागे बांधलेले व्याही

आमच्या व्याह्यांइतका कामसू आणि तरीही कामाला हात न लावणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सापडलाच, तर तो त्यांनीच कुठेतरी तयार करून ठेवलेला असणार. ते माझ्या मुलीचे सासरे. एकलहऱ्याच्या रस्त्याला एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी पंप फिटर म्हणून काढली. पुढे ते निवृत्त झाले, पण अंगातला फिटर काही निवृत्त झाला नाही. उंच, वाळके, खांद्याला खाकी पिशवी आणि पिशवीत दोन पाने, एक पक्कड आणि निरनिराळ्या मापांचे वायसर, म्हणजे नळाच्या आणि पंपाच्या पोटात बसवतात त्या रबरी चकत्या. ही पिशवी घेऊन ते बारशाला जातात, दहाव्याला जातात. एकदा मतदानालाही घेऊन गेले होते. दारावरच्या पोलिसाने ती उघडायला लावली तेव्हा त्यांनी त्याला वायसरचे प्रकार इतके सविस्तर समजावून सांगितले की मागची रांग रस्त्यापर्यंत गेली. मात्र या हत्यारांना ते स्वतः कधी हात लावत नाहीत. बिघडलेल्या वस्तूसमोर जायचं, तिच्या मालकाच्या हातात पाना द्यायचा, आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवायचे आणि शांतपणे म्हणायचं, "उघडा." मग मालक घामाघूम होवो, रडकुंडीला येवो, त्या हातांची गाठ काही सुटत नाही.

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात झाली. नाशिक रोडच्या आमच्या घरी मंडळी आली, पाणी झालं, ओळखी झाल्या, आणि आता पत्रिका, शिक्षण, नोकरी असं काहीतरी विचारतील म्हणून मी सरसावून बसलो. हे कान देऊन छताकडे बघत होते. "सर, मोरीतला नळ गळतोय," ते म्हणाले. मी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. जगातल्या नद्या मला तोंडपाठ होत्या, पण माझ्या मोरीतल्या नळाशी माझा परिचय फक्त सोडण्या-बंद करण्यापुरता होता. मी म्हणालो, बघू, प्लंबरला सांगितलंय. त्यावर ते उठले, मोरीत गेले, पिशवीतून पाना काढून माझ्या हातात ठेवला आणि हात मागे बांधले. पुढची वीस मिनिटं मी नवा कोरा शर्ट घालून मोरीत उकिडवा बसलो होतो. कॉक बंद करायचा असतो हे मला पाण्याचा फवारा तोंडावर बसल्यानंतर कळलं, कारण ते त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. शेवटी नळ गळायचा थांबला. भिजलेला मी बाहेर आलो तेव्हा हे आपल्या बायकोला म्हणत होते, "वडील शिकणारे आहेत, मुलगीही शिकेल. आमच्याकडून पसंती आहे." अशा रीतीने माझ्या मुलीचं लग्न एका वायसरवर ठरलं. मानपानाचं विचारलं तर म्हणाले, पोशाख नको, सर, एक चांगल्यातला पाइप पाना द्या. तो मी दिला, आणि व्याहीभेटीत त्यांनी कडकडून मिठी मारली तेव्हा कोटाच्या खिशातला तोच पाना माझ्या बरगडीत रुतला. फोटोत माझा चेहरा त्यामुळेच तसा आला आहे. लोकांना वाटतं, मुलीच्या विरहाने.

त्यांच्या कानांबद्दल एक वेगळा लेख होईल. चालताना ते मध्येच थांबतात, फुटपाथकडे बघतात आणि सांगतात की इथे खाली लाईन फुटली आहे. चार दिवसांनी तिथे खरोखर खड्डा पडतो. लोकांच्या घरी गेले की ते सोफ्याकडे, टीव्हीकडे बघत नाहीत, आधी बेसिनकडे जातात. माणूस किती शिकलेला आहे यावर त्यांचा विश्वास नाही, त्याच्या घरातला नळ घट्ट बंद होतो की नाही यावर आहे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मुलीचा मला फोन आला, "बाबा, इथे सासरे कसल्याच कामाला हात लावत नाहीत." वर्षभराने तिच्या सोसायटीतल्या बायका नळ बिघडला की तिला बोलावू लागल्या. मग तक्रारीचा सूर जाऊन फोनवर नुसता तोरा ऐकू यायला लागला.

हे हात मागे बांधणं कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. निवृत्तीनंतर ते एकदा एका जुन्या सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर गेले होते. तिथला हापसा बंद होता. बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन खालच्या ओहोळापर्यंत उतरत होत्या आणि तिथल्या झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. यांनी लग्न सोडलं, नवे कपडे काढून ठेवले आणि दुपारपर्यंत हापसा चालू करून दिला. पाड्याने यांना डोक्यावर घेतलं. महिन्याभराने हे कौतुकाने पुन्हा बघायला गेले, तर हापसा बंद आणि बायका पुन्हा ओहोळावर. एक छोटंसं रबर झिजलं होतं, बाकी काही नाही. सोमीबाई नावाची एक बाई हंडा खाली ठेवून मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाबा, बरं झालं आलात. आम्ही तुमचीच वाट बघत व्हतो." हे वाक्य सांगताना व्याह्यांचा आवाज अजूनही खाली जातो. "सर, त्या बाईनं माझा सत्कार केला, पण मला थोबाडीत मारल्यासारखं झालं," ते म्हणाले. "महिनाभर त्या माझ्यामुळं पाणी वाहत होत्या. मी दुरुस्त करून दिला नसता तर निदान माझी वाट तरी बघितली नसती." त्या दिवशी त्यांनी पाना सोमीबाईच्या हातात दिला आणि आपले हात मागे नेले. ते कायमचेच.

त्यानंतर दर शनिवारी पहाटे स्कूटर काढून ते घाट चढू लागले. एका शनिवारी मीही मागे बसलो. हापशाभोवती सोमीबाई आणि तिच्या तीन सोबतिणी पदर खोचून उभ्या, आणि आमचे व्याही एका दगडावर, हात मागे. दांडा काढायचा, साखळी सोडवायची, मग बोअरमधल्या लांब सळया एकेक करून वर ओढायच्या, तळाला दट्ट्या असतो त्याचा वायसर बदलायचा, आणि सगळं पुन्हा उलट्या क्रमाने आत सोडायचं, असा तो प्रकार. अर्ध्यावर एकीच्या हातून सळई निसटायला लागली. मी धावलो. "सर," मागून आवाज आला, "हात मागे." मी म्हणालो, अहो, पडेल ना ती आत. ते म्हणाले, "पडू दे. पडली तर काढायला शिकतील." ती खरोखर पडली. ती काढण्यात दुपार गेली आणि या चौघींनी दिवसभर यांच्याशी अबोला धरला. चहासुद्धा मला दिला, यांना नाही. हे आपले दगडावर बसून, जणू काही चहा त्यांना आवडतच नाही अशा चेहऱ्याने डोंगर बघत होते. पुढे वर्षभरात त्या चौघींचा हात असा बसला की आजूबाजूच्या पाड्यांवरून त्यांना बोलावणी येऊ लागली, आणि त्या चौघी वायसरची पिशवी घेऊन शेजारच्या पाड्यांच्या टेकड्या चढू लागल्या.

अशा ह्या सुखात एक परदेशी संस्था आली. तिचं मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे कुठेतरी होतं आणि तिला आमच्या डोंगरात पाणीप्रश्न सोडवायचा होता. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. त्यांनी हापशापासून दहा पावलांवर नवी बोअर घेतली, तिच्यात मोटर सोडली, सोलरच्या पाट्या बसवल्या, टाकी बांधली. पाडा खूश होता, व्याहीही खूश होते. अडचण एकच होती. दोन बोअर इतक्या जवळ नकोत, एकीचं पाणी दुसरी ओढेल, म्हणून उद्घाटनानंतर हापसा काढून त्याची बोअर सिमेंटने बुजवायची, असं नकाशातच ठरलेलं होतं. व्याह्यांनी बैठकीत एकच प्रश्न विचारला. "हे बंद पडल्यावर उघडणार कोण?" संस्थेचा तरुण इंजिनिअर म्हणाला, त्यासाठी हेल्पलाईन आहे, फोन करायचा. सोमीबाई म्हणाली, "फोन लावायचा तर त्या टेकाडावं जावं लागतंय. तिकडं जायाचं तर वढ्यावरून पाणीच आणीन की." सगळे हसले, इंजिनिअरही हसला, आणि नकाशा होता तसाच राहिला. व्याही सोलरच्या विरुद्ध नव्हते. ते म्हणत होते, सोलर असू द्या, पण मोटर उघडायला मुंबईहून माणूस यावा लागतो आणि हापसा उघडायला सोमीबाई घरीच असते, तर तिचं साधन तिच्याकडून का काढून घेता? त्यांनी तीन अर्ज लिहिले, माझ्याकडून भाषा तपासून घेतली. तिन्हींना उत्तर आलं. तुमच्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार, निर्णय मुख्य कार्यालयात झालेला आहे. आणि संस्थेची समन्वयक म्हणून आलेली, दिवसभर धावपळ करणारी एक गोड मुलगी मला खासगीत म्हणाली, "काका, खरं सांगू का, फोटोत हापसा आला की गाव मागासलेलं दिसतं." दुसऱ्या दिवशी, उद्घाटन दोन महिन्यांवर असतानाच, हापशाचा दांडा काढून सोमीबाईच्या घरात ठेवला गेला. त्या शनिवारी व्याही घाटात गेले नाहीत. आमच्याकडे आले, चहा घेतला आणि मोरीत नळ गळत होता तरी काही बोलले नाहीत.

उद्घाटनाला संस्थेची सदिच्छादूत येणार होती. म्हणजे हिंदी सिनेमातली एक फार मोठी नटी. नाव सांगत नाही, पण आमच्या बायकोने तिचे सिनेमे बघताना स्वयंपाक करपवलेला आहे, यावरून काय ते समजा. पाड्यावर प्रश्न पडला की सदिच्छादूत म्हणजे नेमकं कोण. सरकारी बाई की देवीबिवी? व्याह्यांनी सोमीबाईला समजावलं ते मी ऐकत होतो. "लग्न जुळवायला मध्ये एक बाई असते ना, तशी. लग्न तिचं नाही, संसार तिला करायचा नाही. पण ती आली की दोन्ही घरची माणसं नीट बसून बोलतात." सोमीबाई म्हणाली, "मंग तिला आपल्या घरचं सांगाय पायजे कुणीतरी." व्याह्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पाहुण्यांच्या सत्काराच्या ताटात शालीसोबत काय ठेवणार आहात? नारळ, असं उत्तर आलं. त्यांनी पिशवीत हात घातला, हापशाचा वाटीसारखा एक नवा कोरा वायसर काढला आणि म्हणाले, "नारळ राहू द्या. पण हाही ठेवा."

तो दिवस फेब्रुवारीतला, लख्ख उन्हाचा. नाशिक रोडहून मंडप आला होता, दुहेरी कापडाचा, झालरी लावलेला. व्यासपीठामागे नटीच्या हसऱ्या चेहऱ्याचा भलामोठा फलक होता, आणि हापशालाही तिच्याच चेहऱ्याचं एक छोटं फ्लेक्स गुंडाळून टाकलं होतं. गोरे साहेब, गोऱ्या बाई, कॅमेरेवाले, तालुक्याचे पुढारी, सगळे आले. नटी जीपमधून उतरली तेव्हा पाड्यावरच्या बायकांनी तिला नीट न्याहाळलं आणि एकमत झालं की बाई चांगली आहे, पण तिला कुणी पोटभर जेवायला घालत नसावं. सत्कार झाला. शाल तिने छान पांघरली, नारळ मागे दिला आणि वायसर हातात घेऊन इकडून तिकडून बघितला. "यह क्या है?" तिने समन्वयक मुलीला विचारलं. त्या बिचारीला माहीत नव्हतं. ती म्हणाली, लोकल हँडिक्राफ्ट आहे. नटीने तो आदराने मुठीत धरून ठेवला.

मग बटण दाबण्याचा क्षण आला. टाळ्या झाल्या, बटण दाबलं, सगळ्यांनी मोटरच्या पाइपाला थेट लावलेल्या नळाकडे बघितलं, आणि नळातून काहीही आलं नाही. पुन्हा दाबलं. इंजिनिअर पेटी उघडून बसला. कालपर्यंत व्यवस्थित चालत होतं, असं तो पेटीला सांगत होता. टेकडीवर फोन करायला एक माणूस पिटाळला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गोरे साहेब घड्याळ बघू लागले. पुढाऱ्यांनी वेळ काढायला भाषण सुरू केलं आणि पाण्याविना ते भाषण फार कोरडं वाटू लागलं. पाड्यावरच्या माणसांच्या नजरा एव्हाना एकाच माणसाकडे वळल्या होत्या. आमचे व्याही मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, हात मागे, आणि वर कापडाच्या झालरीकडे बघत होते. "बाबा, काही करा," कुणीतरी म्हणालं. त्यांनी हातांची गाठ आणखी घट्ट केली. मला त्यांचा राग आला. निदान आज तरी हट्ट सोडावा, असं मला मनापासून वाटलं.

सोमीबाई उठली. कुणाला विचारलं नाही. घरात जाऊन दांडा घेऊन आली, बाकीच्या तिघी पदर खोचत मागून आल्या, आणि नटीच्या चेहऱ्याचं ते फ्लेक्स त्यांनी व्यवस्थित घडी घालून बाजूला ठेवलं. समन्वयक मुलगी "अहो, नको, कॅमेरे चालू आहेत" म्हणत पुढे आली, तिला सोमीबाईने "सरक बाय" म्हणून सांगितलं. दांडा बसवून चार हिसके मारले, पाणी नाही. झिजलेला वायसर दोन महिने नुसता पडून आकसला होता. मग सळया वर यायला लागल्या. एक, दोन, तीन. पुढारी बोलायचे थांबले. कॅमेरेवाले एकेक करत इकडे वळले. सोमीबाईने दट्ट्या मोकळा केला, झिजलेलं रबर काढून फेकलं, आणि हात पुसत नटीसमोर जाऊन उभी राहिली. "ते दे," ती म्हणाली.

नटीला भाषा कळली नसावी, पण हात कळला. तिने मुठीतला वायसर बघितला, उघड्या दट्ट्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते त्या मोठ्या फलकावरच्या हसण्यासारखं नव्हतं. ती खुर्चीतून उठली. "मैं लगाऊं?" तिने विचारलं. सोमीबाई म्हणाली, "लाव की." आणि मग सोमीबाईने एक पाऊल मागे जाऊन आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी व्याह्यांकडे बघितलं. ते खाली बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

नटीने वायसर उलटा लावला. सगळ्या पाड्याला दिसत होतं की तो उलटा आहे, पोरासोरांनाही दिसत होतं, पण सोमीबाईची नजर फिरली आणि एकही जण बोलला नाही. मग तिने फक्त आपल्या हाताची ओंजळ करून दाखवली, एकदा वर तोंड करून आणि एकदा खाली. "कोन्त्या वाटीत पानी ऱ्हाईल?" नटी जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने विचार केला, स्वतःची ओंजळ वर करून बघितली, खाली करून बघितली आणि वायसर काढून सुलटा लावला. सळया आत गेल्या, त्यातली एक तिने स्वतः धरली होती. साखळी लागली, दांडा लागला. तिने हापसायला सुरुवात केली. पहिले पंचवीस-तीस हिसके नुसती हवा आली, आणि मग आतून गडगडत पाण्याची मोठी धार तिच्या भारी चपलांवर आली. पाड्याने जो गलका केला तो समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. गोऱ्या बाई चक्क नाचल्या. पुढाऱ्यांनी आपलं भाषण इथेच संपलं असं मानून घेतलं.

तिला माईक दिला तेव्हा तिच्यासाठी लिहिलेला कागद तिच्या ओल्या हातात भिजून गेला होता. तिने तो गोळा करून ठेवून दिला आणि साहेबांना विचारलं, हा पंप फ्लेक्समध्ये का गुंडाळला होता? साहेबांनी अडखळत नकाशाचं सांगितलं. ती सगळ्या कॅमेऱ्यांसमोर म्हणाली, "यह मैंने बनाया है. यह बंद नहीं होगा." साहेब हसून मान डोलावते झाले. दुसरं ते करणार तरी काय होते? हापसा वाचला. आमच्या तीन अर्जांनी जे झालं नाही ते तिच्या दोन वाक्यांनी झालं, आणि व्याह्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केलं. "मध्यस्थ असावी तर अशी," ते म्हणाले. "पण आपल्या घरचं तिला सांगायला सोमीबाई हवी होती."

दुपारी नागलीच्या भाकरी आणि उडदाचं वरण चाललं असताना मंडपवाला घाईला आला, कारण संध्याकाळी त्याला नाशिक रोडला दुसरी ऑर्डर होती. त्याने दोऱ्या सोडल्या, दुहेरी कापड सरसर गुंडाळलं, मागचा फलक उतरवला, आणि त्या फलकामागे इतका वेळ अंधारात बसलेल्या सोलरच्या पाट्यांवर लख्ख ऊन पडलं. मोटर आपोआप घुमली. नळ उघडाच राहिलेला होता, त्यासमोर इंजिनिअर पेटीत डोकं घालून बसला होता. तो डोक्यापासून पायापर्यंत भिजला, क्षणभर त्याला काही कळेना, मग त्याने वर बघितलं, मंडपवाल्याकडे बघितलं, आणि तो असा काही हसत सुटला की मला तो पोरगा एकदम आवडूनच गेला. पाहुण्याबाईला ऊन लागू नये म्हणून आम्ही सूर्यच झाकून ठेवला होता.

परतीच्या वाटेवर घाटात मी स्कूटरवर मागून विचारलं, "व्याहीबुवा, तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी आधी पुढचं वळण घेतलं. मग म्हणाले, "सकाळपासून. मंडपवाल्यानं मला विचारलं, कापड कुठपर्यंत घेऊ? मी म्हटलं, बाईंना अजिबात ऊन लागता कामा नये, मागपर्यंत घे." मी म्हणालो, अहो, हा तर सरळसरळ घातपात झाला. ते म्हणाले, "सर, मी कशालाही हात लावला नाही." आणि इतकी वर्षं ज्यांना मी जिल्ह्यातला सर्वांत सरळ माणूस समजत होतो ते आमचे व्याही पुढे बसून खांदे हलवत हसत होते, आणि स्कूटर दोन वळणं डुगडुगत गेली.

पुढचं सगळं जिंकण्याचंच आहे. नटीने वायसर उलटा लावला ती फिल्म परदेशात पोचली. संस्थेने नकाशा बदलला, आणि पुढच्या सगळ्या पाड्यांवर सोलरच्या शेजारी हापसा ठेवायचं ठरलं. तो झिजलेला जुना वायसर नटी घेऊन गेली. आता मुलाखतींमध्ये तो काढून दाखवते आणि मला हापसा दुरुस्त करता येतो असं सांगते, तेव्हा विचारणारे हसतात आणि ती हसत नाही. आणि या हिवाळ्यात आफ्रिकेतल्या मलावीहून पाच बायका सोमीबाईकडे शिकायला आल्या. मलावी नकाशावर कुठे आहे हे मी व्याह्यांना दाखवलं, माझ्या भूगोलाचा त्यांना झालेला तेवढाच उपयोग. सोमीबाईला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना हिची येत नव्हती. आम्ही दोघं गेलो तेव्हा त्या पाचजणी हापशाभोवती घामाघूम झालेल्या होत्या, एकीची सळई निसटत होती, आणि सोमीबाई आणि तिच्या तिन्ही सोबतिणी दगडांवर ओळीने बसल्या होत्या, आठही हात मागे. मी पुढे व्हायला लागलो तशी सोमीबाई म्हणाली, "मास्तर, हात मागं."

त्या दिवशी निघताना सोमीबाईने व्याह्यांना चहा दिला, स्वतःच्या हाताने, आणि म्हणाली, "बाबा, आता कशाला एवढा घाट चढता? गुडघे दुखत्यात तुमचे. आम्ही हाय की." त्यांनी मान हलवली. हेच तर त्यांना हवं होतं. एवढी वर्षं दर शनिवारी याच वाक्यासाठी तर ते जात होते. खाली आल्यावर मात्र ते स्कूटर लावून बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. "सर, आता माझी कुणी वाट बघत नाही," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता. नुसता अभिमानच होता असं मी म्हणणार नाही.

तेव्हापासून त्यांचे शनिवार रिकामे आहेत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी मोरीतला नळ उघडतो, आतला चांगला वायसर काढून झिजलेला एक बसवतो, आणि सकाळी त्यांना फोन करतो की नळ पुन्हा गळतोय हो. ते येतात. पिशवीतून पाना काढून माझ्या हातात देतात, हात मागे बांधून दारात उभे राहतात आणि म्हणतात, "उघडा." मी उगाच अडखळतो, कॉक बंद करायला विसरतो, अंगावर पाणी घेतो. झिजलेला वायसर ते दर वेळी उजेडात धरून निरखतात. त्यांच्यासारख्या माणसाला दर आठवड्याला तोच वायसर ओळखू येत नसेल, हे शक्य नाही. तो पुसून माझ्याच हातात परत देतात आणि म्हणतात, "नीट ठेवा, सर. पुढच्या शनिवारी लागेल."